"पीआर रद्द करून परत पाठवतो" : ऑन्टारियोत वेगळं होण्याआधी काय माहीत असावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेतीन वर्षांपूर्वी लग्न होऊन एक ताई पुण्याहून कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, ब्रॅम्प्टनला आल्या. नवरा आधीपासून इथला, त्यानेच स्पॉन्सर केलं, पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) मिळून दोन वर्षं झाली. मुलगा दोन वर्षांचा, जन्म इथलाच. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, तेही लग्नाआधी घेतलेलं. ताईंचा पगार त्याच्या खात्यात जमा होतो, फोनवर पाळत असते, रोजची आरडाओरड असते. वेगळं व्हायचं म्हटलं की तो तीन गोष्टी ऐकवतो: तुझं पीआर रद्द करतो, घरात तुझा काडीचा हक्क नाही, आणि मुलगा कॅनडाचा नागरिक असल्यामुळे तो माझ्याकडेच राहील. शेवटी जाता जाता ताईंनी लिहिलंय की डिसेंबरात सगळे पुण्याला जाणार आहेत आणि "तिथेच संमतीने मोकळे व्हा" असं सासरचे म्हणतात.

ताई, त्या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. धोका आहे तो डिसेंबरातल्या पुण्यात, आणि त्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी विचारलंय. मी ऑन्टारियोत कुटुंब कायद्याचीच वकिली करते. नव्याने आलेल्या आपल्या बायकांचं इथल्या कायद्यामुळे नुकसान झालेलं मी क्वचित पाहिलंय. नुकसान होतं ते दोन देशांच्या सांध्यावर, चुकीच्या देशात चुकीच्या वेळी केलेल्या एका सहीने. म्हणून आधी तीन धमक्या निकालात काढते आणि मग पुण्याकडे वळते.

पीआर. ते सरकारने दिलेलं असतं, नवऱ्याने नाही, त्यामुळे काढून घेणंही त्याच्या हातात नसतं. 2012 ते 2017 या काळात असा नियम होता खरा: स्पॉन्सर केलेल्या काही जोडीदारांना पीआर टिकवण्यासाठी दोन वर्षं एकत्र राहावं लागायचं. 2017 मध्ये तो रद्द झाला. पण मंडळाच्या कार्यक्रमांत आणि व्हॉट्सॲपवर तो अजून जिवंत आहे. आज लग्न मोडलं म्हणून पीआर जात नाही. लग्न मुळातच बनावट होतं किंवा अर्जात खोटं लिहिलं होतं असं सिद्ध झालं तरच तो प्रश्न उभा राहतो. "हिने पीआरसाठीच लग्न केलं अशी तक्रार करीन" ही धमकीही तुम्हाला मिळेल, बहुतेकींना मिळते. तुमच्याकडे लग्नाचे फोटो आहेत, एकत्र राहिल्याचे पत्ते आहेत, मूल आहे. त्या तक्रारीला घाबरून घरात थांबायचं कारण नाही.

उलट स्पॉन्सर करताना त्याने तुमच्या खर्चाचं जे हमीपत्र सरकारला दिलंय ते तुमच्या पीआरच्या तारखेपासून तीन वर्षं त्याच्यावर बंधनकारक आहे, वेगळे झालात तरीही. त्या काळात तुम्हाला सरकारी मदत घ्यावी लागली तर तुम्ही अर्ज करू शकता. वसुली व्हायची तर ती त्याच्याकडून होते.

हे वाचणाऱ्या ज्यांचं पीआर अजून झालेलं नाही त्यांची गोष्ट मात्र वेगळी. अर्ज प्रक्रियेत असताना नवऱ्याने स्पॉन्सरशिप मागे घेतली तर तो अर्ज संपतो. नवरा विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर आणि तुम्ही त्याच्या आधाराने आलेल्या असाल तर तुमचा परमिट संपल्यावर वाढवून मिळणं अवघड होतं. अशा वेळी घरातल्या छळातून बाहेर पडणाऱ्यांसाठी 2019 पासून एक खास तात्पुरता परवाना आहे. त्याला फी नाही, आणि त्याच्याबरोबर काम करण्याचा परवाना मागता येतो. मानवतेच्या आधारावर पीआरचा अर्जही करता येतो. पण यासाठी घर सोडण्याच्या आधी, निदान त्याच आठवड्यात, इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कुटुंब कायद्याचा वकील एकटा हे निभावून नेऊ शकत नाही.

आता घर. लग्नाच्या नवरा-बायकोचं राहतं घर कुणाच्याही नावावर असलं तरी ऑन्टारियोत दोघांना तिथे राहण्याचा सारखा हक्क असतो. तो तुम्हाला कुलूप बदलून बाहेर काढू शकत नाही, आणि तुमच्या सहीशिवाय ते घर विकू किंवा गहाण ठेवू शकत नाही. सुरक्षिततेसाठी तुम्ही बाहेर पडलात तर पैशांतला तुमचा हक्क बुडत नाही. "घर सोडलंस तर सगळं गेलं" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की पाठ झालंय. ते खोटं आहे. मुलाला मागे ठेवून बाहेर पडणं मात्र टाळा, त्याचे परिणाम वेगळे होतात.

पैशांची वाटणी इथे वस्तूंची होत नाही, किमतीची होते. कोर्टात भरायचा तो आर्थिक विवरणाचा फॉर्म 13.1 एकदा डोळ्यांखालून घाला. मालमत्तेच्या तक्त्यांत लग्नाची तारीख, वेगळं झाल्याची तारीख आणि आज, अशा वेगवेगळ्या तारखांच्या किमती लिहायच्या असतात. घर, गाड्या, दागिने, बँका, पेन्शन, कर्जं, सगळं त्यात येतं. प्रत्येकाची संपत्ती लग्नात किती वाढली ते काढायचं आणि ज्याची जास्त वाढली त्याने फरकाच्या निम्मे दुसऱ्याला द्यायचे. त्याची तीन लाख डॉलरने वाढली आणि तुमची वीस हजाराने, तर फरक दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे तुमचा आकडा एक लाख चाळीस हजार.

यात दोन गोष्टी कुणी सांगत नाही. लग्नाच्या दिवशी जे आपलं होतं त्याची किंमत वजा मिळते, पण राहत्या घराला ही सूट नाही. त्याने घर लग्नाआधी घेतलं असलं तरी वेगळं होताना तुम्ही त्याच घरात राहत असाल तर त्या घराची कर्ज वजा जाता पूर्ण किंमत हिशेबात येते. दुसरी गोष्ट तुमच्या विरुद्ध जाणारी आहे आणि ती आत्ताच सांगते. एकत्र राहणं पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर, निम्मा वाटा अवाजवी मोठा होतोय असं वाटल्यास न्यायाधीश तो कमी करू शकतात. तुमची साडेतीन वर्षं आहेत. तेव्हा एक लाख चाळीस हजार मनात धरून बसू नका.

हिशेबात जगभरातली मालमत्ता येते. त्याचा हिंजवडीतला फ्लॅट, एफडी, सासऱ्यांनी त्याच्या नावावर केलेली जमीन, सगळं त्याला लिहावं लागतं. बक्षीस किंवा वारसा म्हणून लग्नानंतर मिळालेलं सहसा वगळलं जातं, पण ते वगळायचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याला वगळायचं त्याची. तुमच्या सोन्याचंही तसंच. माहेरून लग्नात काय आलं, सासरच्यांनी काय घातलं, नंतर काय केलं, हे कागदावर आणा. सराफाच्या पावत्या आईकडे असतील, तिला फोटो काढून पाठवायला सांगा. पावत्या नसतील तर लग्नाचा अल्बम उघडा. तोडे, पाटल्या, राणीहार ज्या फोटोत स्पष्ट दिसतात ते फोटो बाजूला काढा आणि प्रत्येकाखाली कुणी दिलं, अंदाजे किती तोळे आणि आज ते कुठे आहे ते लिहा. सोनं सासूबाईंच्या नावाच्या लॉकरमध्ये असेल तर तसंच लिहा. आपल्या केसेसमध्ये सोन्यावरून जितकी खडाजंगी होते तितकी घरावरूनही होत नाही, आणि जिच्याकडे फोटो असतो तिचं ऐकलं जातं.

(हे सगळं ऑन्टारियोपुरतं आणि लग्न झालेल्यांसाठी. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना इथे घराचा हा हक्क नाही आणि संपत्तीची ही वाटणीही नाही. ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षं एकत्र राहिलेल्यांना वाटणी मिळते. क्युबेकचा कायदा तर पायापासून वेगळा आहे. व्हँकुव्हरच्या मैत्रिणीचा सल्ला ब्रॅम्प्टनला लावू नका.)

मूल. मुलाचं नागरिकत्व आणि तो कुणाजवळ राहणार यांचा संबंध नाही. न्यायाधीश फक्त मुलाचं हित बघतात: आजवर त्याला कुणी वाढवलं, त्याचं खाणं, झोप, डॉक्टर, डेकेअर कोण बघतं, घरात हिंसा आहे का. मार्च 2021 पासून घटस्फोट कायद्यातून ताबा ही कल्पनाच काढली आहे. आता मुलाचा वेळ आणि मुलाबद्दलचे निर्णय असे दोन प्रश्न वेगवेगळे ठरतात. त्याच दुरुस्तीने हिंसेची व्याख्या रुंदावली. मारहाण नसली तरी सतत धाकात ठेवणं, पगार काढून घेणं, पाळत ठेवणं हेही तिच्यात बसतं. तुमचा पगार त्याच्या खात्यात जातो हे तुम्ही सहज लिहून गेलात. वकिलाला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. देणाऱ्याचं उत्पन्न आणि मुलांची संख्या यांवरून ठरलेल्या तक्त्यातून तो आकडा येतो, घासाघीस करून नाही. डेकेअरचा खर्च त्याशिवाय, उत्पन्नाच्या प्रमाणात. तुमच्यासाठीची पोटगी मात्र तशी सरळ नाही. लग्न छोटं असलं तरी मूल लहान आहे आणि त्याच्यासाठी तुमचं काम, शिक्षण मागे पडलं, हे मुद्दे महत्त्वाचे ठरतात. कोर्टाचा हुकूम झाला की वसुली सरकारी कार्यालय करतं, पगारातून परस्पर कापून घेतं, चुकवणाऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा निलंबित करू शकतं. दर महिन्याला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

आता पुणं. इथे सावकाश वाचा.

मुलाला परदेशात नेऊन परत न आणणाऱ्यांसाठी 1980 चा हेग करार आहे. कॅनडा त्यात आहे, भारत नाही. मुलगा एकदा पुण्यात राहिला आणि "तो आता आजीकडे राहील" असं ठरवलं गेलं, तर इथल्या न्यायाधीशाचा हुकूम तिथे आपोआप चालत नाही. तिथलं न्यायालय मुलाच्या हिताचा स्वतः विचार करतं, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं, आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात मूल तिथे रुळतं. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. तुम्हीही रागाच्या भरात मुलाला घेऊन माहेरी निघून जाऊ नका. बापाला त्याच्या मुलापासून तोडण्याच्या हेतूने मूल देशाबाहेर नेणं हा इथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि ज्या आईचं बाकी सगळं बरोबर आहे तिची केस तिथेच ढासळते.

दुसरा धोका तुमचा स्वतःचा. पुण्यात पासपोर्ट आणि पीआर कार्ड "जपून ठेवायला" मागून घेतलं जातं आणि नवरा एकटा परततो. हे इतक्या घरांत घडलंय की मी ते शक्यता म्हणून सांगत नाही, इशारा म्हणून सांगते. तुमच्यावर ही वेळ आलीच तर पीआर संपलेलं नसतं. कार्डाशिवाय विमानात बसू देत नाहीत, म्हणून कॅनडा सरकारकडून पीआर प्रवासाचा कागद मागवावा लागतो. आणि पाच वर्षांत 730 दिवस इथे राहण्याची अट चालूच असते, तेव्हा माहेरी बसून राहू नका.

तिसरा धोका सहीचा. हिंदू विवाह कायद्यातल्या संमतीच्या घटस्फोटासाठी नवरा-बायको आधी वर्षभर वेगळं राहिलेले असावे लागतात. तुम्ही तर आज एका घरात, एका संसारात आहात. सही करायला सांगतील त्या अर्जात वर्षभर वेगळं राहत असल्याचं लिहिलेलं असेल, म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र तुमच्या नावाने जाईल. शिवाय "परस्पर काही देणं-घेणं नाही" हे वाक्य त्यात जवळपास नेहमी असतं. वरून मुखत्यारपत्र मागतील, म्हणजे पुढच्या तारखांना तुम्ही नसलात तरी चालेल. असा घटस्फोट कॅनडात मान्य होतो का? दोघांपैकी एकजण अर्जाच्या आधी किमान वर्षभर भारतात राहत असेल तर इथला कायदा तो सरळ मान्य करतो. तुम्ही दोघेही इथे राहता, त्यामुळे मान्यतेचा वादच होईल. पण तो मान्य झाला, तर तुमची इथली पोटगी मागण्याची वाट बंद होऊ शकते. नावावर नसलेल्या घरात राहण्याचा जो हक्क वर सांगितला तो घटस्फोटाबरोबर संपतो. आणि संपत्तीच्या वाटणीचा दावा, जो वेगळं झाल्यापासून सहा वर्षांत करता येतो, तो घटस्फोटानंतर दोनच वर्षांत करावा लागतो. "संमतीने मोकळं होऊ" या तीन शब्दांच्या सौजन्यात हे सगळं गुंडाळलेलं असतं. सासरच्यांना हे ठाऊक असेलच असं नाही. ते भल्यासाठीच म्हणत असतील. सही मात्र तुमची आहे.

याची उलटी बाजूही समजून घ्या. इथे घटस्फोटाचं नेहमीचं कारण म्हणजे एक वर्ष वेगळं राहणं. दोष कुणाचा हे कुणी विचारत नाही. हिंदू विवाह कायद्यात नुसतं हे कारण नाही. परदेशी घटस्फोट भारतात कधी मानायचा हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवून दिलं: समोरचा हजरच झाला नाही आणि एकतर्फी हुकूम झाला, तर तो तिथे टिकणं कठीण. दोघांनी संमती दिली असेल तर टिकण्याची शक्यता पुष्कळ. म्हणून वेळ येईल तेव्हा इथेच, जमलं तर दोघांच्या संयुक्त अर्जाने घटस्फोट घ्यावा आणि अर्जाचा मसुदा पुण्यातल्या कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला दाखवून घ्यावा. पुढे तिथे दुसरं लग्न करायचं झालं तर हा खटाटोप कामी येतो.

पण घटस्फोटाची घाई नाहीच. मुलाचा वेळ, खर्च, पोटगी, घर, हे सगळं वेगळं झाल्याच्या दिवसापासून मागता येतं. आणि वेगळं व्हायला कुठला अर्ज, शिक्का, परवानगी लागत नाही. एकाने ठरवलं की झालं, एका छपराखाली राहूनही. फक्त ती तारीख पुढे सिद्ध करता आली पाहिजे, कारण वर्ष तिथून मोजतात आणि किमतीही त्या दिवसाच्या धरतात. सांगणं सुरक्षित असेल तर एक साधी ईमेल करा: अमुक तारखेपासून आपण नवरा-बायको म्हणून राहत नाही. त्यानंतर वेगळी खोली, वेगळा स्वयंपाक, वेगळा पैसा. मग दिवाळीला जोडीने फोटो टाकू नका, तो पुढे तुमच्यासमोर येतो. वेगळं राहून 90 दिवस झाले की कर खात्यालाही कळवा. मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता मग तुमच्या एकटीच्या उत्पन्नावर मोजतात आणि बहुधा वाढतो.

सांगणं सुरक्षित नसेल तर ईमेल, चर्चा, काही नको. आधी बाहेर पडा. जिवाला धोका वाटला तर 911, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर. तिथे मराठी किंवा हिंदी दुभाषी मागा, मोडक्या इंग्रजीत जबाब देऊ नका. हेही जाणून फोन करा की पोलिसांना पुरेसा आधार दिसला तर ते गुन्हा नोंदवतातच, तुम्ही दुसऱ्या दिवशी "मागे घ्या" म्हणून तो मागे घेतला जात नाही. बहुधा त्याला घराबाहेर राहावं लागेल, तुमच्याशी बोलता येणार नाही. धोका असेल तर यातल्या कशाचाही विचार करत बसू नका.

या आठवड्यात करायची कामं सांगते. त्याला माहीत नसलेला नवा ईमेल, लायब्ररीतल्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं दुसऱ्या बँकेत, आणि पगार तिकडे वळवणं. तो वळल्याचं त्याला लगेच कळेल, तेव्हा दिवस विचार करून ठरवा. तुमचा आणि मुलाचा पासपोर्ट, पीआर कार्ड, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, दोघांचे करांचे कागद, घराच्या कर्जाचं पत्र, जे हाताला लागेल त्याचे फोटो नव्या ईमेलवर. त्याची पत्रं फोडू नका, त्याच्या फोनमध्ये शिरू नका.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. लीगल एड ऑन्टारियोला (कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकिली मदत देणारी इथली संस्था) फोन करून "घरात छळ आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. छळ सोसणाऱ्यांसाठी तिथे दोन तास मोफत वकिली सल्ल्याची सोय आहे, आणि उत्पन्न बसत असेल तर पुढचा वकीलही मिळतो. टोरंटोतलं साउथ एशियन लीगल क्लिनिक आपल्या बायकांचे इमिग्रेशन आणि छळ असे गुंतलेले प्रश्न वर्षानुवर्षं बघतंय. ब्रॅम्प्टनच्या हुरॉन्टारियो स्ट्रीटवरच्या कोर्टात कुटुंब कायद्याची माहिती देणारं केंद्र आहे, तिथे फॉर्म समजावून देतात. नवऱ्याच्या वकिलाने "दोघांसाठी मीच करतो" म्हटलं तर नको म्हणा. करार दोघांचा झाला तरी वाचून दाखवणारा वकील तुमचा स्वतःचा हवा.

राहिली डिसेंबरची तिकिटं. मुलाच्या प्रवासाला लेखी संमती देऊ नका, त्याच्या ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) किंवा व्हिसाच्या अर्जावर सही करू नका. आधीच दिली असेल तर तेही वकिलाला सांगा, कारण मुलाला ऑन्टारियोबाहेर नेऊ नये असा तातडीचा हुकूम मागता येतो, अगदी निकड असेल तर समोरच्याला आधी न कळवताही. पासपोर्ट विभागाला मुलाच्या नावाची नोंद ठेवायला सांगता येतं, म्हणजे त्याच्या नावाने नवीन पासपोर्टचा अर्ज आला तर ते सावध होतात. हे सगळं विमान उडायच्या आदल्या आठवड्यात धावपळीने करण्यापेक्षा आत्ता, तिकिटांची तारीख आणि क्रमांक हातात घेऊन करा. आणि घरात कुणी विचारलं तर एवढंच म्हणा की यंदा कामावरून सुट्टी मिळत नाहीये.